चौकशीवाले सर

सरांना साधा प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर मिळालं, असं मला एकदाही आठवत नाही. "सर, चहा घेणार का?" असं विचारलं तर ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "तुम्हाला काय वाटतं, घ्यावा?" पहिले आठ दिवस मला याचं फार कौतुक वाटलं. नवव्या दिवसापासून मी विचारणंच सोडलं आणि चहा त्यांच्यासमोर नेऊन ठेवायला लागले. तो ते मुकाट्यानं पीत.

आमचं केंद्र म्हणजे सिडकोतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. साठी ओलांडलेल्या लोकांच्या मानसोपचारासाठी एका धर्मादाय संस्थेनं त्या घेतल्या होत्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना नेमकं जिना चढायला लावायची ही कल्पना कुणाची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सरांना मात्र त्यात काहीच वावगं वाटायचं नाही. "जिना चढून आलेला माणूस निम्मा बरा झालेला असतो," असं ते म्हणत. उरलेला निम्मा म्हणजे आमचं काम. दर मंगळवारी अकरा वाजता आठ-दहा म्हातारी माणसं गोल करून बसायची आणि बोलायची. कुणाची झोप गेलेली, कुणाचा जोडीदार गेलेला, कुणाला उगाच धडधडतंय. यालाच आम्ही 'गट' म्हणायचो. गट चालवणं तसं सोपं होतं. माणसाला गटापर्यंत आणणं हेच खरं काम होतं, आणि त्यात सरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सर मुळातले मानसतज्ज्ञ नव्हेत. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसत. पैठणची गाडी लागली का, गंगापूरची गेली का, कन्नडची कधी. खिडकीपुढं माणूस उभा राहिला की सर मान वर न करता म्हणायचे, "विचारा." हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की दुपारी डुलकी लागली तरी तोंडातून 'विचारा' निघायचं, असं काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या. पुढं सरांनी मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवी घेतली, मग एम.ए. केलं, आणि एके दिवशी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन मोकळे झाले. "वीस वर्षं नुसती उत्तरं दिली," ते म्हणत, "आता मरेपर्यंत प्रश्न विचारणार. आणि तो 'विचारा' शब्द परत तोंडातून काढणार नाय."

खिडकीनं त्यांना एक सिद्धांत मात्र दिला होता. एकच गाडी माणूस तीनदा विचारतो, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पैठणची गाडी किती वाजता? साडेदहा. पाच मिनिटांनी तोच माणूस परत. पैठणची साडेदहालाच ना? हो. आणि मग तिसऱ्यांदा. सर सांगत, "तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला गाडी नको असते."

"मग काय हवं असतं, सर?"

"तुम्हाला काय वाटतं?"

अशा वेळी त्यांच्या डोक्यात हातातली फाईल घालावी असं मला वाटायचं. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच लागले होते, शिवाय पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. उपचाराला नाही म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, याचं ते प्रशिक्षण. त्याचं सार एवढंच होतं की समोरच्याला पटवायला जायचं नाही. त्याचं म्हणणं त्यालाच नीट ऐकू जाईल असं बोलायचं, बदलाचं कारण त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं आणि निर्णय त्याच्याकडंच ठेवायचा. चांगलंच होतं ते. पण तिथं मिळालेल्या मराठी पुस्तिकेत या सगळ्याला 'प्रेरणादायी मुलाखत' असं नाव दिलेलं होतं. मी पहिल्याच आजोबांना उत्साहानं म्हणाले, "आजोबा, तुमची प्रेरणादायी मुलाखत घ्यायची आहे." त्यांनी टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "टीव्हीवर कधी लागंल?"

सर हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत, हा त्यांचा आणखी एक त्रास. नंतर एवढंच म्हणाले, "मुलाखत द्यायला निदान तयार तरी झाले."

त्या पुस्तिकेत एक मोजपट्टीही होती. उपचाराला यायची तुमची किती इच्छा आहे, शून्य ते दहा यांपैकी सांगा. मी ती एका आजींना विचारली. त्या म्हणाल्या, "बाई, मी शाळंत गेलेच नाय, मला कसले मार्क देती तू?" तेव्हापासून सरांची पट्टी मी उचलली. सरांची पट्टी भाकरीची होती. मन किती आहे? आख्खी भाकर, पाऊण, अर्धी, चतकोर, का नितकोर? नितकोर म्हणजे चतकोराचाही तुकडा. हे मोजमाप आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागायचं नाही. आजी लगेच म्हणाल्या, "चतकोर हाय." आणि त्यावर सर जे विचारत, ते मला पुण्यातही शिकवलं होतं, पण ते कशाला विचारायचं हे सरांना ऐकूनच कळलं. पाऊण का नाही, असं ते कधी विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "चतकोर तरी का? नितकोर का नाय?" मग माणूस आपल्या चतकोराची बाजू घेऊन भांडायला लागायचा, आणि भांडता भांडता आपण का यायला हवं, ते स्वतःच सांगून टाकायचा.

शहराचं नाव बदललं तेव्हा आमचा फलक नव्यानं रंगवायला दिला. 'ज्येष्ठ नागरिक मानसोपचार व समुपदेशन केंद्र' अशी लांबलचक अक्षरं होती त्यावर. पेंटरकडं आधीच शहरभरच्या फलकांची रांग लागलेली, त्यामुळं आमचा काही महिनाभर आला नाही. दार बोडकं दिसतंय म्हणून सरांनी त्याच पेंटरकडून एक छोटी पत्र्याची पाटी करून आणली आणि लावली: 'चौकशी'. झालं! त्या महिन्यात आमच्याकडं माणसं दुपटीनं आली. कुणी आधार कार्डाचं विचारायला, कुणी पेन्शनचं, कुणी डोळ्याच्या शिबिराचं. सर सगळ्यांना खुर्ची द्यायचे. त्यातले काही रमायचे आणि मंगळवारी परत यायचे. 'मानसोपचारा'ला चाललोय असं घरात सांगायची ज्यांची छाती नव्हती, ते 'जरा चौकशीला जाऊन येतो' म्हणून बिनधास्त निघत. खरा फलक रंगून आला तेव्हा सरांनी तो कपाटामागं ठेवला. विश्वस्त पाहणीला आले की तो बाहेर निघायचा. ते गेले की परत आत.

समोरच्याला बोलतं करायची ही सवय फक्त केंद्रापुरती असती तर गोष्ट वेगळी होती. पण सर बाजारातही तसेच. भाजीवाली म्हणायची, "मेथी आज महाग हाय." सर म्हणायचे, "महाग झाली, आणि तुमच्या जिवाला घोर लागलाय." झालं, बाई मेथीची जुडी हातात धरून सुनेचं सगळं बाळंतपण सांगायची आणि मी पिशवी धरून उभी. एकदा क्रांती चौकात रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "बोलो चाचा, किधर जाना?" सर म्हणाले, "तुमको किधर जाने का दिल करता?" तो आधी चिडला.  मग रिक्षा कडेला घेऊन म्हणाला, "सच बोलूँ चाचा? अम्मी के पास, गाँव को." आम्ही त्या दिवशी विश्वस्तांच्या बैठकीला पाऊण तास उशिरा पोचलो. रिक्षावाला पुढच्याच शुक्रवारी आईला भेटून आला आणि सरांना सीताफळं देऊन गेला. विश्वस्तांनी आम्हाला काय दिलं, ते इथं लिहीत नाही.

हे सगळं मी आता हसून सांगते आहे. पण एकदा माझ्या तोंडामुळं एक माणूस हातचा गेला होता.

पैठणकडच्या एका गावाहून एका आजोबांना त्यांचा मुलगा घेऊन आला. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. चरायला रान उरलं नाही आणि पाय चालेनात, म्हणून मुलानं कळप विकला आणि त्यांना शहरात आणलं. मुलगा चितेगावच्या एका कंपनीत कामाला, राहायला बीड बायपासकडं फ्लॅट. आजोबा तिथं येऊन तीन महिन्यांत निम्मे झाले. भिंतीकडं तोंड करून पडायचे, जेवण पुढं आलं की दोन घास खाऊन ताट सरकवायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याबरोबर गटात बसवा म्हणून सांगितलं. आजोबा खांद्यावर घोंगडी टाकून खुर्चीच्या टोकावर बसले होते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलगाच देत होता. सरांनी त्याला खालून चहा आणायला पाठवलं.

मग म्हणाले, "मुलाला वाटतं तुम्ही इथं यावं."

"व्हय. त्याला वाटतं."

"तुम्हाला नाय वाटत."

"नाय."

"मग नका येऊ."

आजोबांनी पहिल्यांदा मान वर करून सरांकडं पाहिलं. हे कसलं चौकशीचं हापिस, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तरी मन किती हाय? आख्ख्या भाकरीतलं?"

"कसलं मन. नितकोर म्हणा."

"नितकोर तरी का? कायच नाय, असं का नाय म्हणलात?"

आजोबा घोंगडीची दशी बोटानं ओढत बसले. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत गेलं. मग ते म्हणाले, "दुपारच्याला कानात घंटी वाजती. म्होरल्या मेंढीच्या गळ्यातली. मी उठून बसतो. घरात कुणालाच ऐकू येत नाय. सांगावं कुणाला?"

मला इतका आनंद झाला! पुस्तिकेतल्यासारखं अगदी! यायचं कारण त्यांच्याच तोंडून आलं होतं. सर काही बोलायच्या आत मी पुढं वाकून म्हणाले, "म्हणूनच तर यायचं ना, आजोबा! मंगळवारी नक्की या. सगळ्यांना सांगा, बरं वाटेल तुम्हाला."

आजोबांनी घोंगडी खांद्यावर घट्ट ओढली. "बघू," ते म्हणाले.

आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय, ते सांगायला नको. तो मंगळवार गेला, पुढचा गेला, चार मंगळवार गेले. मुलानं फोन करून सांगितलं, आजोबा आता गोळ्याही थुंकतात. सर मला एका शब्दानंही रागावले नाहीत. रागावले असते तर मी सुटले असते. त्यांनी विचारलं, "ते 'बघू' कुठून आलं असेल?" आणि माझ्याकडं बघत बसले. मी संतापून म्हणाले, "माझ्यामुळं आलं, आणखी कुठून?" ते म्हणाले, "असं तुम्हाला वाटतं." मी रडले. त्यांनी त्यांचा चहा माझ्याकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या फ्लॅटवर गेले. आजोबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी जमिनीवर बसले आणि अर्धा तास बोलले नाही. माझ्यासारखीला अर्धा तास म्हणजे काय असतं, ते माझ्या आईला विचारा. शेवटी म्हणाले, "आजोबा, एक सांगू का?"

"सांग."

"त्या दिवशी मी मधेच बोलले. चुकलं माझं."

ते वळले. सुनेला हाक मारून मला पाणी द्यायला लावलं. मग म्हणाले, "मेंढरू पाण्याला तोंड लावाया लागलं, का गप उभं ऱ्हायचं असतं, पोरी. तवा मागनं काठी टोचली तर ते दिसभर पाण्याला जात नाय. तू टोचलंस बग."

पुढच्या मंगळवारी आजोबा जिना चढून आले आणि घंटीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. नंतर कळलं की गटातल्या एका निवृत्त पोस्टमनलाही दुपारी सायकलची घंटी ऐकू येते. त्या दिवशी दोघांनी मिळून एवढं बोलून घेतलं की बाकीच्यांना संधीच मिळाली नाही.

आता काकूंबद्दल. सरांचं घर गारखेड्यात. फाईलवर सही घ्यायला मी अधूनमधून जायची, आणि काकू मला धपाटे आणि दही खाऊ घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत. घरातले सर बघून मी थक्क झाले. बाहेर ज्या माणसानं रिक्षावाल्याला बोलतं केलं, त्याची घरातली भाषा एका शब्दाची होती. "पाणी." "पेपर." "चष्मा." इथं ना 'तुम्हाला काय वाटतं'सारखा उघडा प्रश्न, ना भाकरीची पट्टी. काकू हसत म्हणायच्या, "सगळ्या गावाचं ऐकून येतात गं, मग घरी यायच्या आत कान संपतात." मुलगी पुण्याला, सर दिवसभर केंद्रात, आणि काकूंचे गुडघे त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतही नेत नसत. त्यांच्या त्या हसण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मी धपाटे खात होते.

एकदा तवा उतरवता उतरवता काकू म्हणाल्या, "मला बी एकदा ने की तुमच्या चौकशीला. नंबर लागंल का माझा?"

सर पेपरामागून म्हणाले, "काय म्हणाली?"

"काय नाय," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो.

त्या हिवाळ्यात काकूंना धाप लागायला लागली. दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. सर दहाव्यापर्यंत सगळ्यांशी नीट बोलत होते. आलेल्या माणसांना खुर्च्या देत होते, कुणी रडलं की त्याचंच वाक्य त्याला हळू आवाजात परत देत होते. मग पाहुणे गेले आणि सर बंद झाले. केंद्रात येणं सोडलं. संस्थेला 'विश्रांती घेतो' असं एका ओळीचं पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा खात नाहीत, बोलत नाहीत. डॉक्टरांनी तुमच्याच गटात बसवा म्हणून सांगितलंय. मी सांगून सांगून थकले. तुमचं ऐकतील ते." माझं ऐकतील, असं तिला आख्ख्या भाकरीएवढं वाटत होतं. मला नितकोरही वाटत नव्हतं. पण मुलगी फोनवर रडायला लागली आणि म्हणाली, "आई गेली, आता बाबा पण असेच जातील." मी 'येते' म्हणाले.

मी गेले तेव्हा सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. शेजारी पेपरांचा ढीग, एकही उघडलेला नाही. मनगटं इतकी बारीक झाली होती की घड्याळ कोपराकडं सरकत होतं. मला धक्का बसला, पण मी तयारी करून गेले होते.

"कसे दिवस चाललेत, सर?"

"उघडा प्रश्न. चांगला आहे. पुढं."

"मुलीला वाटतं तुम्ही गटात यावं."

"हे माझंच वाक्य आहे. आजोबांच्या वेळचं."

"तुम्हाला नाही वाटत."

"हे पण. आता म्हणाल, मग नका येऊ."

"मग नका येऊ," मी म्हणाले. खरं सांगते, त्या वेळी मी ते पद्धत म्हणून म्हटलं नाही, मला रागच आला होता.

"नाहीच येणार," सर म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. तवा भिंतीला टेकवून ठेवलेला होता, काकू ठेवायच्या तसाच. दोन कप घेऊन बाहेर आले. त्यांना न विचारता एक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो मुकाट्यानं उचलला. एवढ्यावरून मला पुन्हा धीर आला.

"मन किती आहे, सर? भाकरीतलं?"

"जाऊ द्या हो."

"सांगा ना."

"नितकोर. तेसुद्धा तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून."

"नितकोर तरी का? काहीच नाही, असं का नाही म्हणालात?"

सरांनी बोट वर केलं. माझी चूक पकडली की ते असंच बोट वर करायचे. पण बोट तसंच राहिलं. मग ते खाली आलं.

"तुम्ही दारात दिसलात तेव्हाच मी ठरवलं होतं," ते म्हणाले, "की या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाय."

 बाहेर पाण्याचा टँकर आला, बायका बादल्या घेऊन धावल्या.

"तिनं तीनदा विचारलं होतं," सर म्हणाले. "मी पण येऊ का तुमच्या चौकशीला, म्हणून. पहिल्यांदा पाटी लावली तेव्हा. दुसऱ्यांदा तुम्ही होतात, धपाट्यांच्या दिवशी. मला ऐकू आलं होतं. 'काय म्हणाली' ते मी उगीच विचारलं. तिसऱ्यांदा, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी. मी काय म्हणालो, माहीत आहे? 'तुला काय काम तिथं?' बावीस वर्षं खिडकीत बसलो मी. तिसऱ्यांदा विचारणारा माणूस मला ओळखता येतो, असं सगळ्यांना सांगत फिरलो."

त्यांनी कप खाली ठेवला. "हे कुणाला तरी सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "तिच्या फोटोला सांगून होत नाय."

म्हणूनच तर या ना, सर! हे वाक्य माझ्या अगदी दातापर्यंत आलं. मंगळवारी या, आम्ही सगळे आहोत, बरं वाटेल तुम्हाला. जीभ नुसती वळवळत होती. मला मेंढरू आठवलं, पाणी आठवलं, काठी आठवली. मी तोंडात चहाचा मोठा घोट घेतला आणि तो चटका बसेल एवढा गरम असूनही गिळला. डोळ्यांत पाणी आलं ते चहानं का सरांमुळं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी कप विसळून ठेवले आणि निघाले. "येते, सर."

चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला, "गट अजून मंगळवारीच असतो ना?"

गट त्यांनीच सुरू केलेला. मंगळवार त्यांनीच ठरवलेला.

"हो. अकरा वाजता," मी म्हणाले.

"बरं."

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी घाईघाईनं उचलला. पलीकडून विचारलं, "उद्या अकरालाच ना?" मी म्हणाले, अकरालाच. फोन बंद.

मंगळवारी सकाळी दहा वाजता पुन्हा फोन वाजला. "आज अकराच ना?" सरांचा आवाज बारीक आला होता. मी म्हणाले, "हो, सर." आणि मग फोन हातात धरून तशीच जिन्यात बसून राहिले.

अकराला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. सर आत आले. दाढी केली होती, गालावर कापल्याची खूण होती. कपाटाजवळची त्यांची नेहमीची खुर्ची मी मोकळी ठेवली होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते गोलात गेले. आजोबांनी शेजारच्या खुर्चीवरची घोंगडी उचलून मांडीवर घेतली. "या. आज इकडं का?" त्यांनी विचारलं. सरांनी मान हलवली आणि बसले.

नवा माणूस आला की त्याला इथं का आलात ते विचारायचं, हा आमचा नेम. तो सरांनीच घालून दिलेला. पण सरांना कसं विचारणार? मी वहीत उगाच तारीख लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. गोलातली सगळी म्हातारी माणसं माझ्याकडं बघत होती. 

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला आणि खुर्ची जरा पुढं ओढली. मान वर न करता ते म्हणाले,

"विचारा."